कुहीची लावणी

लोक काश्मीरला जातात, नेपाळला जातात आणि परतल्यावर चार पानं लिहून काढतात. मी कुहीला गेले होते. नागपूरहून कुही म्हणजे सकाळी निघावं आणि रात्रीच्या जेवणाला घरी यावं इतकं जवळ. त्याचं कसलं आलंय प्रवासवर्णन, असं कुणीही म्हणेल. पण ज्यांनी इतवारीहून सुटणारी छोटी लाइन पाहिली नाही, श्रावणातली धानाची बांधी पाहिली नाही, आणि ज्यांच्या वडिलांनी एका शब्दावरून घर डोक्यावर घेतलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुढे मी पुष्कळ हिंडले. एवढी तगमग मात्र दुसऱ्या कुठल्याच प्रवासात झाली नाही.

नंदनवन

साठीचं दशक सरत आलं होतं. नंदनवनात तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. मी नववीत होते आणि मला एका जागी बसता येत नसे. वर्गात बसले की पाय हलायचा, बाकाला धक्का लागायचा आणि शेजारच्या कुसुमच्या वहीत शाईचा डाग पडायचा. आई म्हणायची, पोट्टीच्या पायाले भिंगरी हाय. माझा पाय फक्त एका तासाला थांबायचा, तो भूगोलाच्या.

भूगोल शिकवणाऱ्या पाटणकर बाई साताऱ्याकडच्या. नवऱ्याची बदली नागपूरला झाली म्हणून आलेल्या. त्यांनाही खुर्चीत बसणं जमत नसे. हातात छडी घेऊन त्या बाकांमधून फिरत आणि मधेच भिंतीवरच्या नकाशावर ती आपटून म्हणत, "इथे! इथे पाऊस अडतो!" त्यांचं बोलणं पुस्तकातल्यासारखं होतं, आणि पुस्तक पुण्याकडच्यांनी लिहिलेलं. त्यामुळे अडचणी व्हायच्या. 'भात हे उष्ण व दमट हवामानाचे पीक आहे' हे वाक्य वाचलं तेव्हा कुसुमने हात वर करून विचारलं होतं, "बाई, भात तर शिजवल्यावर होते ना? पीक तर धानाचं राहाते." बाई हसल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे शेतातही भातच.

आमच्या शाळेत नववीच्या मुलींना भूगोल आणि गृहशास्त्र यांतून एक विषय निवडावा लागे, आणि सहामाहीपर्यंत तो बदलायची मुभा असे. मी भूगोलाच्या वर्गात बसत होते खरी, पण बाबांचा होकार अजून मिळाला नव्हता. त्यांना गृहशास्त्र हवं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की गृहशास्त्र घेतलं तर पोरगी सावलीत राहते. मी त्यांना आज विचारीन, उद्या विचारीन करत दिवस ढकलत होते.

अशात बाईंनी सहल जाहीर केली. रविवारी कुहीला जायचं, भाताची लावणी पाहायला. घरी येऊन मी जेवता जेवता बाबांना सांगितलं, "बाबा, बाई आमाले कुहीले नेऊन राहिल्या. लावणी पाहाले."

बाबांचा घास हातातच राहिला. "काय पाहाले?"

"लावणी. परीक्षेत येते ते."

बाबांनी आईकडे पाहिलं. "ऐकलं काय? आता शाळेत लावणी शिकवून राहिले. ढोलकी बी देत असतीन मंग."

आई म्हणाली, "सोबत बाई हाय ना पण."

"बाईच तर घेऊन चालली."

आमच्या घरी लावणी म्हणजे एकच लावणी, फडावरची. ती दुसरीही कुठली असते, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण बाबांना समजावून सांगायला इकडचा शब्द माझ्याजवळ नव्हता. मी शहरात वाढलेली. धान मी इतवारीतल्या पोत्यांत पाहिलेलं. मी "भाताची, भाताची" म्हणत राहिले, त्याने आगीत तेलच पडलं. जेवणाच्या भाताचा आणि नाचाचा काय संबंध, हे कोणाला कळेना.

दुसऱ्या दिवसापर्यंत ही बातमी आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांत पोचली होती. कुसुमच्याही वडिलांनी तिला सहलीला मनाई केली. शेवटी पाटणकर बाई स्वतः आमच्या घरी आल्या. बाबांनी जयभीम केला, बाईंनी नमस्कार केला, आईने चहा टाकला.

"अहो, लावणी म्हणजे रोपांची लावणी," बाई म्हणाल्या. "एका वाफ्यातली रोपं उपटून चिखलात लावतात ना, ती. तुम्ही काय समजलात?" आणि त्या मनापासून हसल्या. आईलाही हसू आलं. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

बाबा हसले नाहीत. "म्हंजे रोवणा," ते म्हणाले.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"रोवणा म्हणतात होय इकडे? किती छान शब्द आहे," बाई म्हणाल्या.

"बाई, तमाशा राहिला असता तर मी येकदा इचार केला असता," बाबा शांतपणे म्हणाले. "रोवणा पाहाले मी पोट्टीले नाही धाडत. त्या चिखलातून पाय काढता काढता आमच्या लोकायचे जलम गेले. अन् हे तिकीट काढून चिखल पाहाले जाईन?"

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. बाबा तरुणपणी गाव सोडून नागपुरात आले, इथेच त्यांचं लग्न झालं, इथेच त्यांनी दीक्षा घेतली, एवढंच मला ठाऊक होतं. आजी माझ्या जन्माआधी गेलेली. गाव कोणतं, असं विचारलं की बाबा म्हणत, आपलं गाव नागपूर. ते इतवारीत एका भांड्यांच्या दुकानात भांड्यांवर नावं घालत. कोणाच्या लग्नात कोणत्या गावच्या मामाने कोणाला परात दिली, हे छिन्नीने कोरता कोरता त्यांना विदर्भातली अर्धी गावं पाठ झाली होती. स्वतःच्या गावाचं नाव मात्र त्यांनी आमच्या एकाही ताटावर घातलं नव्हतं.

बाईंनी कप पुन्हा उचलून उरलेला चहा संपवला. मग म्हणाल्या, "तुम्ही सोबत चला. तिला चिखलात उतरू देऊ नका. बांधावर उभी राहून पाहील."

बाबा उठून दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. "धुऱ्यावर उभी राहीन," ते अखेर म्हणाले. धुरा म्हणजे बाईंचा बांध. "पाय ओला झाला तर भूगोल बंद. सोमवारपासून गृहशास्त्र. कबूल हाय काय वं?"

मी मान हलवली. मी तेव्हा कशालाही मान हलवली असती.

छोटी लाइन

इतवारी स्टेशनवर सगळ्या मुली चपला घालून आल्या होत्या आणि बाबा पॉलिश केलेले बूट. पांढरा इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. कुसुमही आली होती. माझे बाबा सोबत आहेत म्हटल्यावर तिला परवानगी मिळाली.

छोट्या लाइनच्या गाडीला गाडी म्हणायचं ते केवळ तिला इंजिन होतं म्हणून. रूळ इतके जवळ जवळ की लंगडी घालत ओलांडावेत. डबा डुलायचा, बाक टोचायचे, आणि कोळशाची कणी डोळ्यात गेल्यावाचून कोणीही पुढच्या स्टेशनला पोचत नसे. एका वळणावर शेतातला एक सायकलवाला आमच्या बरोबरीने चालला होता. थोड्या वेळाने तो पुढे निघून गेला. मला उतरून पळत जावंसं वाटत होतं.

बाई खिडकीतून मान आत घेत नव्हत्या. "बघा मुलींनो, ज्वारी संपत आली बघा. आता पाणी दिसायला लागेल." आणि खरंच दिसायला लागलं. नागपूरच्या पश्चिमेला कापूस-ज्वारी आणि पूर्वेला धान, हे आम्ही पुस्तकात तोंडपाठ केलं होतं, पण एकातून दुसरं कसं सुरू होतं ते कोणी सांगितलं नव्हतं. एकदम काही होत नाही. एका शेतात पाणी साचलेलं दिसतं, मग दोन शेतं कोरडी, मग पुन्हा पाणी, आणि बघता बघता सगळीकडे छोटे छोटे चौकोन, प्रत्येकाला मातीचा काठ, आणि प्रत्येकात थोडं थोडं आभाळ. माझा पाय थांबला होता.

बाबांचा मात्र थांबत नव्हता. ते या खिडकीतून उठून त्या खिडकीशी जात, बसल्या बसल्या छत्रीचं टोक जमिनीवर आपटत, आणि स्टेशन आलं की खाली उतरून गाडी हलेपर्यंत प्लॅटफॉर्मवर येरझाऱ्या घालत. पायाला भिंगरी फक्त मलाच आहे असं मी समजत होते. ती कुठून आली ते त्या दिवशी कळलं.

वाटेत एका स्टेशनवर आलूबोंडे मिळाले. बाई त्यांना बटाटेवडे म्हणाल्या, त्यावरून मुली खुदखुदल्या. मग कुसुमने डबा उघडून सांबारवडी पुढे केली. बाईंनी तिच्यात मद्राशी सांबार कुठे आहे ते शोधलं, तेव्हा त्यांना सांगावं लागलं की आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. "तुमच्याकडे प्रत्येक शब्द दुसऱ्याच घरी राहायला गेलेला आहे," असं म्हणून त्यांनी तीन वड्या खाल्ल्या. एक त्यांनी बाबांपुढे धरली. बाबांनी घेतली, पण हातातच ठेवली.

धुऱ्यावर

कुहीला उतरून गावाबाहेर पायी जायचं होतं. बाईंनी एका शेतकऱ्याला आधी कळवून ठेवलं होतं. वर ढग, खाली चिकट काळी माती, आणि मधून बारीक बारीक पाऊस. बाबांचे बूट जड होत चालले होते. ते गवतावर पुसत आणि पुन्हा चालत.

बांधी म्हणजे धानाचा चौकोनी तुकडा. ती आधी नांगरून चिखल केलेली होती, वर घोट्याएवढं पाणी. बाया एका रांगेत कमरेतून वाकून उभ्या. डोक्यावर खताच्या रिकाम्या थैल्यांची खोळ, डाव्या हातात रोपांची जुडी, उजवा हात पाण्यात जाऊन येतो आहे. या रोपांना तिकडे पऱ्हे म्हणतात. आणि मला जे सर्वांत नवल वाटलं ते हे की त्या पुढे जात नव्हत्या. मागे मागे सरकत होत्या. रोवलेलं समोर राहायचं आणि पाय रिकाम्या चिखलात मागे जायचे. सबंध दिवस काम करायचं आणि एक पाऊल पुढे टाकायचं नाही, ही कल्पनाच मला सहन होईना.

त्यांच्यातली एक थोराड बाई सगळ्यांना भरभर उरकायला सांगत होती. तिला अनसाबाई म्हणत. तिने आमची वरात पाहिली. "कोण गावच्या वं पोरीहो?"

"नागपूरच्या. रोवणा शिकायला आलो आहोत," बाई म्हणाल्या. नवा शब्द त्यांनी बरोबर वापरला.

"मंग उतरा ना. आभाळ भरून राहिलं, अन् आज आमची येक बाई बी कमी हाय."

मुलींनी चपला काढल्या, परकर खोचले आणि किंचाळत बांधीत उतरल्या. मी धुऱ्यावर चपलांच्या ढिगाऱ्याशी उभी राहिले. बाबा माझ्या मागे, छत्री उघडून. कुसुम मला हाका मारत होती. मी पायाची बोटं चपलेत घट्ट आवळून धरली होती. बाकी सगळं अंग बांधीत गेलं होतं, फक्त पाय राहिले होते.

मुलींचं काम फार वेळ टिकलं नाही. एकीने जुडीच्या जुडी एका जागी खुपसली, दुसरीची रोपं पाण्यावर तरंगायला लागली. अनसाबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, तुमच्या पोट्ट्या पऱ्हे रोवून नाही राहिल्या, गाडून राहिल्या. यायले काढा गा कोणी भायेर."

हे ऐकून पाटणकर बाई मुलींना थांबवायला स्वतः बांधीत उतरल्या. आमच्या धुऱ्याजवळच्या कोपऱ्यात चिखल खोल होता. त्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, तो काढायला दुसरा टेकवला तर तोही गेला, आणि मग त्या अगदी सावकाश, खुर्चीत बसावं तशा, पाण्यात बसल्या. इतक्या दिवसांत बाईंना एवढं स्वस्थ बसलेलं आम्ही पहिल्यांदा पाहिलं. हसायची सोय नव्हती. बाया पलीकडच्या टोकाला होत्या, मुली जागच्या जागी थिजलेल्या. बाईंना वर यायला आधार हवा होता, आणि सर्वांत जवळ होते बाबा.

बाबा छत्री मिटून दोन पावलं पुढे आले आणि थांबले. परक्या बाईमाणसाचा हात धरायचा कसा. त्यांनी छत्री पुढे केली, ती पोचेना. मग ते माझ्याकडे वळले.

"पाहून काय राहिली वं? उतर."

"बाबा, पाय..."

"उतर म्हणतो ना."

मी उतरले. वरचं पाणी कोमट होतं आणि खालचा चिखल गार. तो बोटांच्या फटींतून वर आला आणि त्याने घोटा धरला. मी बाईंच्या काखेत हात घातला, कुसुम दुसऱ्या बाजूने आली, आणि आम्ही त्यांना ओढून धुऱ्यावर चढवलं. त्यांची एक चप्पल त्या बांधीतच राहिली. ती अजून तिथेच असेल.

बाई वर गेल्या, मी गेले नाही. पाय ओला झालाच होता. भूगोल गेलाच असेल तर निदान पुरता जाऊ द्यावा, असं काहीसं माझ्या डोक्यात होतं. कुसुमच्या हातातली जुडी घेऊन मी वाकले आणि एक पऱ्हा खोवला. तो वर आला. पुन्हा खोवला, पुन्हा वर आला. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"अंगठ्यानं दाब," मागून आवाज आला. "मुळी सरळ गेली पाह्यजे. वाकडी गेली तं उभी नाही राहात."

मी दाबलं. पऱ्हा उभा राहिला.

"आता मांगं सरक. समोर नोको जाऊ, रोवलेल्यावर पाय पडन. हं. दुसरा लाव. येवढा दूर नोको. वीतभर."

अनसाबाई आपल्या रांगेतून वर पाहत होती. "तुमाले कसं ठाऊक गा भाऊ?"

"माही माय रोवे," बाबा म्हणाले.

"कोण गावची?"

मी वाकलेली होते तशीच राहिले. मला बाबांचं तोंड दिसत नव्हतं. आता ते नागपूर म्हणतील, असं वाटलं.

"आंबेपार," बाबा म्हणाले.

"अवं माय. तलावापलीकडलं आंबेपार?"

"हो. तेच."

बस, एवढंच. अनसाबाईला पुढचं ऐकायला सवड नव्हती. आभाळ भरून राहिलं होतं. ती परत वाकली. मी वळून पाहिलं. हाताने रोवणं दाखवता दाखवता बाबांचा एक पाय बुटासकट बांधीत उतरला होता, आणि ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. ते त्या बायांच्या पाठींकडे पाहत होते. मला राग आला होता, की एवढं आपलं गाव आणि मला ते परक्या बाईने विचारल्यावर कळावं. आणि वाईटही वाटत होतं, कारण त्या वाकलेल्या रांगेत ते कोणाला शोधत आहेत हे मला कळत होतं.

परत

परतीच्या गाडीत बाई ओल्या पातळात, एका पायात चप्पल घालून बसल्या होत्या आणि तरी मुलींना जमिनीचे प्रकार सांगत होत्या. माझं लक्ष नव्हतं. मी दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले होते. वाळलेल्या चिखलाने कातडी ओढली जात होती. पाय ओला झाला तर भूगोल बंद, हे बाबांचे शब्द होते. त्यांनीच उतर म्हटलं होतं हे खरं, पण त्यानंतर मी वर आले नव्हते, हेही खरंच. बोलावं तर कुठून सुरुवात करावी. आणि बाबा तर खिडकीबाहेर तोंड करून बसले होते.

एका छोट्या स्टेशनवर ते उतरले आणि प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे शेतांकडे तोंड करून उभे राहिले. शिट्टी झाली, गाडी हलली, तरी ते वळेनात. मी दारात येऊन ओरडले. तेव्हा ते धावत आले आणि दांडी धरून चढले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाय हलवणं बंद कर." मी बघितलं तर माझा पाय खरंच हलत होता.

नंदनवनात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दारातच होती. तिने आधी माझे पाय पाहिले. मग बाबांचा तो बूट पाहिला, घोट्यापर्यंत माखलेला. काय झालं असेल याचा तिला अंदाज येईना, म्हणून तिने हसत विचारलं, "कशी होती मंग लावणी?"

"लावणी नाही," बाबा म्हणाले. "रोवणा म्हणते त्याले."

ते ओसरीच्या पायरीवर बसले. नावं घालायची एक बोथट झालेली छिन्नी घरात असायची, तिने ते बुटाचा चिखल खरवडू लागले. मी पाय धुवायला गेलेच नाही. आज निकाल लागू दे, असं म्हणून भिंतीला टेकून उभी राहिले. सोमवार दुसऱ्याच दिवशी होता. चिखलाच्या खपल्या पायरीवर पडत होत्या आणि ते त्या एका बाजूला गोळा करून ठेवत होते.

"शशे," मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुमच्या शाळेतल्या नकाशात आंबेपार हाय काय वं?"

"मालूम नाही, बाबा."

"मंग पाह्य ना उद्या. भूगोल कायले घेतला तूनं?"